तुमचं काय, गावात घर आहे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात अधूनमधून एक बातमी असते, फोटोसकट, की अमक्याची नोकरी गेली, पण खचून न जाता त्यांनी घरची आंब्याची बाग सांभाळली, पल्प काढायला लागले आणि आता वर्षाला इतक्या लाखांची उलाढाल. त्या माणसांबद्दल मला आदरच आहे, मेहनत केल्याशिवाय हे होत नाही. पण गेल्या सोळा महिन्यांत तसल्या बातम्या मला व्हॉट्सॲपवर निदान वीस जणांनी पाठवल्यात आणि खाली लिहिलंय, बघा तुम्हाला काय जमतंय का. म्हणून आज लिहायला बसलो. पत्र लांबेल, तुम्हाला हवं तिथे कापा, पण मधला हिशोबाचा आणि कायद्याचा भाग तेवढा ठेवा ही विनंती.

मी लोट्याच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत २३ वर्षं मेंटेनन्सला होतो. जून २००१ ला फिटर म्हणून लागलो. पंप, गिअरबॉक्स, व्हॉल्व्ह, मेकॅनिकल सील, रात्री दोनला फोन आला तरी बाईक काढून जायचो, शटडाऊन, म्हणजे दुरुस्तीसाठी प्लांट बंद, असला की तीन तीन दिवस घर बघायचो नाही. ऑगस्ट २०२४ चा शेवटचा आठवडा होता, त्या वर्षी गणपती ७ सप्टेंबरला होते. फर्स्ट शिफ्ट सुटायला अर्धा तास असताना एचआरमधून बोलावणं आलं, मला वाटलं गणपतीच्या रजेचं असेल. आत आमचे नेहमीचे साहेब आणि हेड ऑफिसचे एक जण. म्हणाले, तुमचा सेक्शन दुसऱ्या राज्यातल्या प्लांटला हलवतोय, तुमच्या कामाबद्दल काही तक्रार नाही, पण आता जागा नाही. राजीनामा दिलात तर दोन महिन्यांचा पगार जादा देऊ, नाही दिलात तर आम्हाला काढावं लागेल आणि मग पुढे कुठे चिकटायला त्रास होईल. समोर कोरा कागद ठेवला आणि मजकूर सांगितला, मी शाळेत श्रुतलेखन घेतात तसा लिहीत गेलो, वैयक्तिक कारणास्तव मी माझ्या पदाचा राजीनामा देत आहे. खाली सही. वीस मिनिटं लागली असतील. लिहिताना मी काय विचार करत होतो ते मला आजही आठवत नाही, फक्त हाताला ग्रीस होतं आणि कागदाला डाग पडला तेवढं आठवतं.

उठताना नेहमीचे साहेब म्हणाले, "तुमचं काय, गावात स्वतःचं घर आहे, आंबा-काजू आहे, मुंबईवाल्यासारखं भाडं नाही की काही नाही, निवांत राहाल."

मी मान हलवली. होय म्हणालो.

ह्याच एका वाक्याबद्दल मला लिहायचंय. कारण त्यानंतर ते वाक्य मला गेटवरच्या सिक्युरिटीने सांगितलं, मेहुण्याने फोनवर सांगितलं, खेडच्या स्टँडवर भेटलेल्या शाळेतल्या मित्राने सांगितलं, आणि सगळ्यांनी चांगल्या मनानेच सांगितलं. कोकणात नोकरी गेली तर माणूस रस्त्यावर येत नाही हे खरंच आहे, डोक्यावर कौलं असतात, परड्यात शेवगा असतो, खाडीची चार मासळी मिळतात, भात घरचं असतं. पण ह्या वाक्याचा परिणाम असा होतो की तुमचं नुकसान झालंय हेच कोणी धरत नाही, आणि हळूहळू तुम्ही पण धरत नाही. मी तर सही करायच्या आधीपासूनच धरलं नव्हतं. भाडं भरायचं असतं, बिऱ्हाड असतं तर कदाचित दोन मिनिटं थांबून विचारलं असतं की साहेब उद्या सांगतो.

माझे वडील परळला गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. अडीच लाख कामगार होते म्हणतात, त्यातले किती जण आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या गावांत परत आले ते आपल्या वाचकांना वेगळं सांगायला नको, प्रत्येक वाडीत एकदोन घरं आहेत. बाबा मे महिन्यात आले ते राहिलेच. त्यांना पण लोक हेच म्हणायचे, बरं झालं, मुलुख आहे, घर आहे. बाबा कोणाला काही बोलले नाहीत. संप मिटला की जायचंय एवढंच म्हणायचे, ८५-८६ पर्यंत म्हणत होते. शिमग्याला पालखी दारात आली की पालखीला खांदा द्यायला पहिले असायचे ते मागे उभे राहायला लागले, चाकरमानी आलेले असायचे ना, ते विचारतील म्हणून. त्यांनी कधी हिशोब मागितला का, ग्रॅच्युइटी मिळाली का, आईला आजही माहीत नाही. गिरणी कामगारांच्या घरासाठी म्हाडाचा अर्ज भरताना जुने कागद शोधले तेव्हा तिकीट नंबर असलेलं कार्ड तेवढं मिळालं, ते पण आईच्या ट्रंकेत साडीच्या घडीत.

आणि हे सगळं बघितलेला मी, २०२४ च्या गणपतीत तेच केलं. मुंबईहून दोघं भाऊ, वहिन्या, पोरं आली, मी सांगितलं दहा दिवस रजा टाकलीय. पूजेचा, भटजीचा, किराण्याचा खर्च दरवर्षी तिघांत वाटतो, त्या वर्षी मी म्हटलं राहू दे, मी बघतो, म्हणजे कोणाला शंका यायला नको. भजनात मी पखवाज वाजवतो, त्या वर्षी हात दुखतो म्हणून बसलो नाही. बायको सगळं बघत होती. गौरी-विसर्जनाच्या दिवशी तिने मोठ्या वहिनीला चुलीजवळ सांगून टाकलं आणि वहिनी रडायला लागली आणि मग सगळ्या घराला कळलं. मला तेव्हा बायकोचा राग आला होता, दोन दिवस बोललो नाही. आता म्हणतो तिने सांगितलं नसतं तर मी अजून किती दिवस रेटलं असतं देव जाणे.

आता बागेचं सांगतो, कारण सगळे त्याच्यावरच येऊन थांबतात.

आमची ४० कलमं आहेत हापूसची. १९९० ला रोजगार हमीतून फळबाग लागवडीची योजना आली त्यानंतर बाबांनी चुलत्यांना विचारून सामाईक जमिनीत लावली, खड्डे त्यांनी स्वतः मारले, पाणी आईने डोक्यावरून घातलं. सातबाऱ्यावर आज १९ नावं आहेत. आत्या गेल्या, त्यांची मुलं ठाण्याला, बदलापूरला, एक बडोद्याला. बँकेत गेलो की म्हणतात सगळ्या सहहिस्सेदारांची संमती आणा, १९ जणांच्या सह्या एका कागदावर आणणं म्हणजे काय ते ज्याने केलंय त्यालाच माहीत. वाटप करून घ्या म्हणून सांगणारे खूप आहेत, पण वाटप काढलं की पहिल्यांदा घर फुटतं, आईच्या हयातीत मला ते करायचं नाही.

हापूस वर्षाआड धरतो हे इथल्या पोराला पण माहीत आहे. २०२५ च्या सीझनला ४० पैकी २२ कलमं धरली. मोहोर आल्यापासून तुडतुडा आणि फुलकिड्यासाठी सहा फवारण्या केल्या, औषधांचे भाव विचारू नका. शिवाय वानरांची राखण, साफसफाई, खत, आंबे उतरवायची घळ (काठीची जाळी) घेऊन वर चढणारा माणूस, पेट्या, पेंढा, वाशीपर्यंतचं भाडं, दलालाचं कमिशन. सुरुवातीच्या पेट्यांना भाव चांगला आला, मग उतरला. शेवटचा आंबा झाडावर होता आणि २० मेपासून पाऊस लागला, तुम्हीच बातमी दिली होती की २५ मेला मान्सून देवगडला पोचला, इतक्या लवकर. तो आंबा भिजला, डागी झाला, थोडा कॅनिंगला घातला, बाकी गुरांनी खाल्ला. दलालाच्या सगळ्या पट्ट्या, म्हणजे विक्रीचे हिशोब, मिळून १ लाख ९० हजार आले, खर्च ९४ हजार. राहिले ९६ हजार. तीन घरं, प्रत्येकी ३२ हजार. म्हणजे महिन्याला २,७०० सुद्धा नाही, आणि माझा पगार हातात ३८ हजारांच्या आसपास होता. पोरगी रत्नागिरीला बीएस्सीला आहे, मुलगा दहावीला. नवीन कलमं लावा म्हणणाऱ्यांना सांगतो, आज लावलेलं कलम पाच-सहा वर्षं तोंडात घालण्यापुरतं पण देत नाही आणि धंद्यासारखं उत्पन्न यायला दहा वर्षं धरा. मी तेव्हा साठीच्या पुढे असेन.

बाग वाईट आहे असं मी म्हणत नाही. सकाळी कलमाखाली जाऊन उभं राहिलं की बरं वाटतं, बाबांची आठवण येते. पण ती पगाराच्या जागी उभी राहू शकत नाही, ती पगाराच्या जोडीला होती म्हणून गोड होती. खताला पैसे पगारातून जायचे.

आता कायद्याचं. हे मला सहीनंतर अडीच महिन्यांनी कळलं. आम्हाला त्या आठवड्यात एकूण ११ जणांना काढलं, सगळ्यांकडून असेच हाताने लिहिलेले राजीनामे. त्यातल्या एकाचे मामा जुने युनियनवाले, आता रिटायर, त्यांनी आम्हाला भरणे नाक्याच्या एका हॉटेलात बोलावलं आणि सगळ्यांचे कागद वाचले आणि डोक्याला हात लावला. म्हणाले अरे तुम्ही सोडली नाहीत नोकरी, तुम्हाला कमी केलंय, मग राजीनामा कशाला लिहिलात.

त्यांनी सांगितलं ते मला समजलं तसं लिहितो. तेव्हाचा औद्योगिक विवाद कायदा, १९४७ चा, त्याचं कलम २५ एफ. ज्या कामगाराची सलग एक वर्ष नोकरी झालीय त्याला गरज नाही म्हणून कमी करायचं तर एक महिन्याची लेखी नोटीस कारणासकट किंवा तेवढा पगार, आणि पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार नुकसानभरपाई. ही भरपाई ग्रॅच्युइटीच्या वेगळी. मला हेच माहीत नव्हतं. माझा बेसिक आणि डीए मिळून २६ हजार, त्याला २६ ने भागून १५ ने गुणायचं, १५ हजार, गुणिले २३ वर्षं, ३ लाख ४५ हजार ग्रॅच्युइटी मला मिळाली आणि मी वेडा समजत होतो की हीच भरपाई, कंपनीने काहीतरी दिलं. ग्रॅच्युइटी आपली कमावलेलीच असते, राजीनामा द्या, रिटायर व्हा, कमी करा, पाच वर्षं झाली असली की मिळते आणि ३० दिवसांत द्यायची असते. भरपाई मात्र राजीनाम्याने जाते. ३८ हजाराचा अर्धा १९ हजार, गुणिले २३, ४ लाख ३७ हजार, त्यात नोटीसचे ३८ हजार, झाले पावणेपाच लाख. मला त्याच्या बदल्यात ७६ हजार दिले, दोन महिन्यांचे. वीस मिनिटांत चार लाख गेले, आणि मी साहेबांना थँक्यू म्हणून आलो होतो.

अजून एक. शेवटी लागला तो आधी जातो असं पण त्याच कायद्यात होतं, कलम २५ जी. आमच्यात पाच वर्षांवाले राहिले आणि २३ वर्षांवाला गेला, कारण पगार जास्त.

आणि २०१६ ला माझं डेसिग्नेशन बदलून मला ऑफिसर केलं होतं, मी वाडीत पेढे वाटले होते. पगार अकराशे वाढला. मामा म्हणाले ते कशाला केलं माहितीय का, सुपरव्हायझरचा पगार दहा हजारांच्या वर असला की तो कायद्याने कामगार राहत नाही. पण कोर्ट नुसतं पदाचं नाव बघत नाही, काम काय करत होता ते बघतं, आणि माझ्या हातात शेवटच्या दिवसापर्यंत पाना होता, माझ्या हाताखाली कोणी नव्हतं, मी कोणाची रजा मंजूर करत नव्हतो. वर्क परमिटवर माझ्या सह्या आहेत, पंप कोणी उघडला त्याच्या जॉब कार्डावर माझं नाव आहे. सुदैवाने काहींच्या झेरॉक्स माझ्या घरी होत्या.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नवीन लेबर कोड, म्हणजे जुन्यांच्या जागी आणलेले कामगार कायदे, लागू झालेत. त्यात पण १५ दिवसांची भरपाई आहे, शिवाय कमी केलेल्या कामगारासाठी मालकाने १५ दिवसांचा पगार वेगळा एका फंडात भरायचा आणि तो ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जायचा असं आहे. सुपरव्हायझरची मर्यादा दहा हजारांची अठरा हजार केलीय. आणि सरकारची आधी परवानगी घेऊनच माणसं कमी करायची ही अट आधी १०० कामगारांपासून होती ती आता ३०० पासून केली, म्हणजे आमच्यासारख्या मधल्या कंपन्या त्यातून सुटल्या. हे मला चांगलं वाटत नाही. पण जे हातात आहे ते तरी लोकांना माहीत असावं.

वकिलाच्या फीची भीती वाटत असेल तर औद्योगिक कामगाराला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो, त्याला उत्पन्नाची अट नाही, १९८७ चा कायदा आहे. मला कोर्ट म्हटलं की पोटात गोळा यायचा, पण कामगार अधिकाऱ्यांच्या ऑफिसात अर्ज द्यायला कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. जबरदस्तीने राजीनामा घेतला हे सिद्ध करणं सोपं नाही हे मला माहीत आहे. एकाच आठवड्यात ११ जणांना एकदम वैयक्तिक कारण कसं आलं आणि सगळ्यांचा मजकूर शब्दाला शब्द सारखा कसा, हे आमचं म्हणणं आहे.

पीएफचं पण थोडं सांगतो. हातात पैसे नाहीत म्हणून पहिल्यांदा पीएफ काढावासा वाटतो, मी पण निघालो होतो घराचा स्लॅब टाकायला, लोकांना दाखवायला की माझं बरं चाललंय. बायकोने अडवलं. पेन्शनचा भाग मात्र वेगळा असतो, दहा वर्षांच्या वर नोकरी झाली असली की ५८ व्या वर्षी पेन्शन लागते, ५० नंतर आधी घेतली तर दर वर्षामागे ४ टक्के कमी होते. घाईने अर्ज करू नका. आणि कंपनीचा मेडिक्लेम नोकरी सुटते त्या तारखेला बंद होतो, माझ्या आईच्या मोतीबिंदूच्या वेळी ते कळलं.

रात्रीचं लिहू की नको असं झालं होतं, पण लिहितो. फर्स्ट शिफ्टची बस पाच वाजून दहा मिनिटांनी फाट्यावर हॉर्न द्यायची, ती अजून येते, तिघं जण चढतात आमच्या गावचे. रोज त्या हॉर्नला जाग यायची आणि छातीवर कोणी बसल्यासारखं व्हायचं. ईसीजी काढला, काही नाही. अकरांपैकी एक जण दिवाळीनंतर फोन उचलेना, घरी गेलो तर खोलीत अंधार करून पडलेला, दाढी वाढलेली, आईशी पण बोलत नव्हता. आम्ही दोघांनी त्याच्या शेजारी बसून १४४१६ ला फोन लावला, सरकारची टेलि-मानस हेल्पलाईन आहे, २०२२ ला सुरू झालेली, पैसे लागत नाहीत, समोरच्या बाईंनी मराठीत शांतपणे ऐकून घेतलं. मग त्याला डॉक्टरकडे नेलं. तो आता गुरुवारी येतो. आम्ही दर गुरुवारी त्याच हॉटेलात जमतो, कधी पाच असतो कधी नऊ, कागद फाईलला लावतो, कोणाला कुठे काम आहे ते सांगतो. त्यानंतर एक दिवस मी पण तो नंबर लावला, घरात कोणी नसताना. बायकोला नंतर सांगितलं.

मी सध्या शटडाऊनच्या कामांना कॉन्ट्रॅक्टरकडे जातो, दिवसाचे ७०० मिळतात, महिन्याला बारा-पंधरा दिवस भरतात. आंब्याच्या सीझनला आजूबाजूच्या बागायतदारांचे फवारणीचे एचटीपी पंप रिपेअर करतो, सील आणि पिस्टनचं काम, ते माझ्या हातातलंच आहे. ३८ हजार कुठे होतात, नाही होत. ह्याची बातमी होणार नाही आणि व्हावी असंही नाही.

विनंती दोन आहेत. एक, महिन्यातून एकदा अर्धा कॉलम द्या, एखाद्या वकिलाकडून नाहीतर कामगार अधिकाऱ्यांकडून लिहून घ्या, की समोर कोरा कागद ठेवला तर काय म्हणायचं. मला एवढं जरी माहीत असतं, की साहेब मी हे घरी नेऊन वाचतो, तुम्ही कमी करताय तर तसं लेखी द्या, तरी पुष्कळ होतं. लोट्यात, मिरजोळ्यात, महाडला, रोह्याला हजारो लोक आहेत, आणि ते सगळे तुमचा पेपर बघतात, निदान कॅन्टीनमध्ये तरी बघतात. नोकरी गेल्यावर अर्जाला मुदत असते, माझ्या वेळच्या कायद्यात तीन वर्षं होती, त्यामुळे ज्यांची गेल्या दोनेक वर्षांत गेलीय त्यांनी आजच विचारावं, नवीन कोडमध्ये मुदत कमी धरतात.

दुसरी विनंती गावकऱ्यांना आणि चाकरमान्यांना. शिमगा जवळ आलाय. ज्याची नोकरी गेलीय असा कोणी घरात, वाडीत असेल तर त्याला तुमचं बरं आहे म्हणू नका. हिशोब पूर्ण मिळाला का, असं विचारा. मला मामांनी तसं विचारलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं की माझं काहीतरी गेलंय हे कोणीतरी मानतंय, आणि भर हॉटेलात डोळ्यांत पाणी आलं.

आमच्या अर्जावर पुढच्या महिन्यात तारीख आहे. अकरांपैकी आठ जणांनी सह्या केल्यात. बाकी तिघांपैकी दोघांनी अजून घरी सांगितलेलं नाही, सकाळी डबा घेऊन निघतात, एक जण दापोलीकडे एका बांधकामावर जातो, घरचे समजतात कंपनीत आहे.

माझं नाव छापू नका. केस चालू आहे एवढंच कारण, गावात आता सगळ्यांना ठाऊक आहे.

आपला,
एक वाचक,
दाभोळ खाडीपट्टा, ता. खेड, जि. रत्नागिरी